मँगिफेरातला फेरो

"हे झालं घरचं नाव. शास्त्रातलं काय?"

आमच्या कॉलेजात कुणी नवा माणूस रुजू झाला, की वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रयोगशाळा परिचर त्याच्यासमोर उभे राहत, उजवा डोळा बारीक करत आणि हा प्रश्न विचारत. समोरचा गोंधळून आपलं आडनाव सांगे, वडिलांचं नाव सांगे, एकाने तर गावाचा पिनकोडही सांगितला होता. हे शांतपणे मान हलवत. "असू दे. फुलावर आलात की ठरवू," म्हणत आणि हातातला ट्रे घेऊन निघून जात.

झाड फुलावर आल्याशिवाय त्याचं नाव नक्की करू नये, हा त्यांच्या विभागातला नियम. माणसांना तो लावायची कल्पना त्यांची स्वतःची. साधारण आठवड्याभरात माणूस फुलावर येई आणि त्याला नाव मिळे. आमचा हेडक्लार्क स्वतःच्या टेबलापेक्षा दुसऱ्यांच्या टेबलांवर जास्त सापडायचा. तो 'गजालीफेरा'. गजाल म्हणजे आमच्याकडच्या गप्पा. दररोज नवी सूचना काढणारे प्राचार्य 'सूचनीफेरा'. प्राचार्यांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी बोलावून विचारलं, "म्हणजे काय हो?"

"सदाहरित वृक्ष आहे, सर. सावली दाट."

प्राचार्य त्या दिवशी संध्याकाळपर्यंत खूश होते.

मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. माझं नाव 'शूशीफेरा' आहे हे मला दोन वर्षांनी कळलं. वाचनालयात मी सारखी 'शू! शू!' करते म्हणून. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आरशासमोर उभी राहून एकदा म्हणून पाहिलं आणि खरं सांगते, आवडलं. आईवडिलांनी ठेवलेल्या नावापेक्षा ते मला जास्त शोभत होतं.

त्यांचं स्वतःचं नाव मात्र मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर त्यांच्या गावी, आरोंद्यात गेल्यावर चार घरं मला चहाला बोलावायची बंद होतील. सगळे त्यांना काका म्हणत. इतक्या शब्दशः दुसऱ्यांना नावं ठेवणारा माणूस मी तरी पाहिला नाही.

काका अंगाने किरकोळ. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी चिमटा आणि पँटच्या खिशात तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं. तेलाच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून ते पाट्या करत, त्यावर पांढऱ्या रंगाने झाडाचं लॅटिन नाव लिहीत आणि तारेने झाडाला बांधत. खिळा मारू देत नसत. अक्षर असं की छापील वाटावं. शिक्षण दहावी. पण तीस वर्षं विभागातल्या प्रत्येक नमुन्याखाली नाव त्यांनीच लिहिलं होतं. कॉलेजात ते शुद्ध मराठी बोलत, घरी मालवणी, आणि कुणाची फिरकी घ्यायची असेल तेव्हा लॅटिन.

आता तुमच्या लक्षात आलं असेल, की त्यांची सगळी नावं 'फेरा'वर संपायची. त्याचं कारण परसातच होतं. आंब्याचं शास्त्रीय नाव मँगिफेरा इंडिका. नारळाचं कोकोस नुसिफेरा. शेवग्याचं मोरिंगा ओलिफेरा. कोकणातल्या माणसाने दारात उभं राहून मान फिरवली तर तीन फेरा दिसतात. काकांनी त्याचा अर्थ स्वतः लावला होता आणि त्याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

एकदा कॉलेजची तपासणी करायला बाहेरून समिती आली. आवारातून फिरताना समितीतले एक प्राध्यापक आंब्याच्या पाटीसमोर थांबले आणि सहज म्हणाले, "यातल्या फेराचा अर्थ काय असावा?" विभागप्रमुख मॅडम उत्तर द्यायच्या आत काका पुढे झाले.

"सर, आंबा हे लहरी झाड. एका वर्षी भरभरून येतं, दुसऱ्या वर्षी दांडी मारतं. फेऱ्याने फळ धरतं. म्हणून मँगि-फेरा."

"अस्सं! आणि नारळ? नुसिफेरा?"

"आमच्या आरोंद्याकडे, म्हणजे गोव्याच्या हद्दीवर, मासळीला नुस्तं म्हणतात. नुस्त्याच्या आमटीत ज्याचा फेरा कधी चुकत नाही तो नारळ. नुसि-फेरा."

"शेवगा?"

"ओली फांदी जमिनीत खोवा, सर. फेरा सुरू."

समितीच्या त्या गृहस्थांनी वहीत सगळं लिहून घेतलं. विभागप्रमुख मॅडम तोंडाला पदर लावून बराच वेळ बांबूच्या बेटाकडे बघत होत्या. मला वाटलं, त्यांना ठसका लागला. मी स्वतः काकांचं स्पष्टीकरण ऐकून भारावून गेले होते. इतकं सोपं आपल्याला कसं सुचलं नाही, असंच मला वाटलं.

पण या फेऱ्याच्या मुळाशी खरं दुखणं होतं आणि ते आरोंद्यात, काकांच्या खळ्यात उभं होतं. खळं म्हणजे घरासमोरचं सारवलेलं अंगण.

नोकरीच्या सुरुवातीला विभागाची सहल एका रोपवाटिकेत गेली होती. तिथून काकांनी हापूसचं एक कलम आणलं. एस.टी.त मांडीवर घेऊन ते आरोंद्याला नेलं आणि ऐन खळ्याच्या कडेला, पायरीवरून दिसेल असं लावलं. तिसऱ्या वर्षी कलमाचा वरचा हापूस वाळून गेला आणि जोडाच्या खालून, ज्यावर हापूस बांधला होता तो रानटी खुंट फुटला. दुसऱ्या कुणी तो उपटून टाकला असता. काका वनस्पतिशास्त्र विभागाचे. आपलं कलम मेलं हे गावाला कसं सांगणार? त्यांनी खुंटाला वाढू दिलं. तो माजला. घरापेक्षा उंच झाला. आंबा काही लागेना.

काका आठवडाभर कॉलेजच्या गावी, कणकवलीत खोली घेऊन राहत आणि शनिवारी घरी जात. गेले की आधी झाडाखाली उभे राहत आणि वर बघून म्हणत, "फेरो येतलो." आमच्या बोलीत फेऱ्याला फेरो म्हणतात.

आंबा लागला नाही हे वाक्य काकांना मान्य नव्हतं. एक लागला होता, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून नवराबायकोची जी जुगलबंदी चाले ती मी स्वतः ऐकली आहे.

"एक आंबो धरलेलो."

"कोणी बघलो?"

"मी."

"खाल्लो कोणी?"

"वांदरान."

"मगे वांदराकच इचारा," असं म्हणून काकी खराटा उचलत.

काकी सव्वीस वर्षं तो खराटा उचलत होत्या. आंब्याचा पाला तुम्ही काढला आहे का कधी? एकदम पडत नाही. रोज पडतो. सकाळी खळं लख्ख करावं तर दुपारच्या चहाला पुन्हा पसरलेला. त्यात खाडीवरचा वारा. त्यांची कंबर त्या झाडाने धरली होती. आंबा धरला नाही, कंबर तेवढी धरली, असं त्या म्हणत. झाड तोडा, एवढी एकच गोष्ट त्यांनी संसारात हट्टाने मागितली होती आणि ती एकच काकांनी दिली नव्हती. त्यांच्या दृष्टीने ते झाड तोडणं म्हणजे वनस्पतिशास्त्रातली आपली हार कबूल करणं. शिवाय पुस्तकातच लिहिलं आहे ना, फेरा. येणारच.

काका निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभाला काकी आल्या होत्या. भाषणं झाली. काकांच्या खांद्यावर शाल, हातात श्रीफळ. काकी हळूच माझ्याजवळ आल्या.

"मॅडम, तुमच्याकडे सगळी पुस्तका आसत ना? लॅटिनचा आसा?"

"आहे."

"मगे माझा एक काम करा. फेरो म्हणजे नेमका काय, तां बघून सांगा. आतापर्यंत हे आठवड्यान येयत, मी सोसलंय. उद्यापासून पायरेर बसून माका पालो काढताना बघतले, आनी वर फेरो येतलो म्हणतले. माझा ते आयकणत नाय. लॅटिनचा आयकतले."

काकांनी ते ऐकलं. शाल सावरत तिथूनच ओरडले, "खुशाल बघा मॅडम! फेरो नाय निघालो, तर दुसऱ्या दिवशी मशीनवाल्याक बोलावन झाड आडवा करतंय!"

अख्खा स्टाफ साक्षीला होता. गजालीफेरा तर होताच, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ही पैज एस.टी. स्टँडवरही पोचली. एका झाडाचा जीव माझ्या ग्रंथालयातल्या एका पुस्तकावर येऊन टांगला गेला. ग्रंथपालाच्या आयुष्यात असा मान वारंवार मिळत नाही. मी जरा फुशारलेच.

लॅटिनचा शब्दकोश आमच्याकडे कसा आला? एका वृद्ध फादरनी आपली पुस्तकं कॉलेजला दिली, त्यांत तो होता. जाडजूड, कातडी बांधणीचा. मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखेचा एकही शिक्का नव्हता. मी 'फेरा' काढला. समोर अर्थ होता: जंगली श्वापद.

मी कोश मिटला. मँगिफेरा म्हणजे काय मग, आंबेवाघ? हे काकींना सांगायचं कसं? तशीच उठून वनस्पतिशास्त्राच्या विभागप्रमुख मॅडमकडे गेले. त्या इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अहो, तो शब्द वेगळा. हा क्रियापदातून आलाय. फेरो बघा, फेरो."

"फेरो? तुम्हीसुद्धा?"

"लॅटिनमध्येच फेरो. बघा तर खरं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मग इतकी वर्षं काकांना सांगितलं का नाहीत?"

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. म्हणाल्या, "तीस वर्षांत त्या माणसाने एका पाटीवर एका अक्षराची चूक केली नाही. माझ्या स्वतःच्या हातून झाल्यात. अर्थ त्यांचा त्यांनी लावला होता, तो मी कशाला काढून घेऊ?"

मी परत येऊन 'फेरो' काढला आणि थक्क झाले. दोन पानं भरून तो एकच शब्द. आपण कोशात 'वाहणे' शोधतो. लॅटिनवाले 'मी वाहतो' हे रूप शोधतात आणि 'मी वाहतो' म्हणजे फेरो. उच्चार थेट आरोंद्याचा. अर्थ निराळा. वाहून नेणे, पेलणे, आणणे, फळ धरणे. मँगिफेरा म्हणजे आंबे धरणारं झाड. नुसिफेरा म्हणजे कठीण कवचाचं फळ धरणारं. ओलिफेरा, तेल धरणारं, कारण शेवग्याच्या बियांतून तेल निघतं. नुस्त्याचा आणि ओल्या फांदीचा काही संबंध नाही.

पुढे आणखी गंमत होती. कोशकाराने तिथेच संस्कृतातला 'भृ' धातू दिला होता. हे दोन्ही एकाच मुळाचे. म्हणजे आपला भार, डोक्यावरचा भारा, पोट भरणे यातलं भरणे, ही सगळी त्या फेरोची सख्खी भावंडं. बदलीच्या ऑर्डरवर ट्रान्स्फर लिहितात त्यातही हाच बसलेला, पलीकडे वाहून नेणे. आणि या क्रियापदाला स्वतःचा भूतकाळ नाही. आपण 'जातो' म्हणतो पण 'जाला' न म्हणता 'गेला' म्हणतो, तसं लॅटिनवाले 'वाहतो'ला फेरो म्हणतात आणि 'वाहिलं' म्हणायची वेळ आली की तुली, आपल्या तुला आणि तोलण्याच्या नात्यातला दुसराच शब्द आणतात. मी तासभर त्या दोन पानांत रमले. दारातली मुलं 'आज शू नाही?' म्हणून आत डोकावून गेली.

मग शेवटचा अर्थ वाचला. सोसणे.

कोश मिटल्यावर माझ्या ध्यानात आलं, की झाड मेलं. फेरा म्हणजे फेरा नव्हे. येणार-बिणार काही नाही. जे धरतं ते फेरा, आणि काकांचं झाड धरत नव्हतं. मला काय वाटलं ते कबूल करते. फोन उचलून 'कोशात फेरा म्हणजे फेराच आहे' असं सांगून टाकावं, असं मनात आलं. कोश कोण उघडून बघणार होतं? पण काकींची कंबरही डोळ्यांसमोर येत होती. दोन रविवार मी काही ना काही निमित्त काढून घालवले. तिसऱ्या रविवारी कोश पिशवीत घातला आणि सावंतवाडीवरून आरोंद्याची गाडी पकडली.

काका पायरीवर बसले होते. काकी खळ्यात पाला गोळा करत होत्या. काकांच्या अंगावर धुतलेला सदरा होता, निकाल लागायच्या दिवशी घालतात तसा. मी कोश उघडला आणि पहिला शब्द मोठ्याने वाचला.

"फेरो."

काकांनी मांडीवर थाप मारली. "आयकलंस गो? पुस्तकात फेरो! तुझ्यासमोर वाचल्यानी!"

"अर्थ सांगांदेत," काकी खराटा न सोडता म्हणाल्या.

मी सांगितला. वाहणे. पेलणे. आणणे. फळ धरणे. काकांचा चेहरा एकेका शब्दाबरोबर उतरत गेला. तरी मी भार, भारा, भरणे सगळं सांगितलं. काकांनी एवढंच विचारलं, "म्हणजे फिरणे नाय?"

"नाही."

"वायच, थोडासा पण नाय?"

"नाही, काका."

"फळ धरणे," काकी म्हणाल्या. "म्हणजे जां धरणा नाय, तां फेरो न्हय. सोमवारी मशीनवालो."

काका उठून उभे राहिले. कॉलेजात समितीसमोर उभे राहत तसेच, पण आवाज तेवढा पक्का नव्हता. "थांब. वाहणे म्हणालात ना मॅडम? मगे वाहता तां! तुझ्या कपड्यांची दोरी कोण पेलता? दोडक्याचो वेल कोणाच्या अंगार चढलो? हुमल्यांची सात घरा आसत थंय," हुमले म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्या, "बाजूच्यांची टी.व्ही.ची वायर आसा. कावळ्याचा घरटा आसा. आंबे सोडून सगळा धरल्यान हा तेणां!"

मला हसू आवरेना. काकीही हसल्या असत्या, पण त्यांनी ओठ दाबले आणि माझ्याकडे वळल्या.

"आनी काय अर्थ आसा?"

मी जरा घुटमळले. "सोसणे."

काकींनी खराटा खाली टेकला. "परत सांगा."

"सोसणे. फेरो म्हणजे मी सोसतो. किंवा मी सोसते."

"बघा," काकी शांतपणे काकांना म्हणाल्या. "सव्वीस वर्सां पालो मी काढतंय. पावसात कुसलेलो काढतंय, उन्हात वाळलेलो काढतंय. तुमी कणकवलेक माणसांका नावा ठेय होतास. मगे मँगिफेरा कोण? तां झाड, का मी? कापा एक पत्रो नि लिवा. माझ्या गळ्यात बांधा."

मी वातावरण हलकं करावं म्हणून म्हटलं, "काकी, भर्ता हा शब्दही त्यातलाच. भर्ता म्हणजे वाहणारा, नवरा. आणि भार्या म्हणजे जिचा भार वाहिला जातो ती."

हे म्हणायला नको होतं. काकी माझ्याकडे बघत राहिल्या. "माझो भार? कोणी उचललो गो बाय?"

माझ्या विद्वत्तेचा असा पचका कधी झाला नव्हता. काका खाली बघत होते. नवऱ्याबायकोच्या मध्ये बसून मी कोशाची पानं उगाच चाळली. मग काका पायरी उतरले, काकींच्या हातातला खराटा घेतला आणि झाडू लागले. त्यांना झाडता येत नव्हतं. ते खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून पाला लोटत होते आणि पाला परत त्यांच्याच पायांवर येत होता. चौथ्यांदा तसं झालं तेव्हा काकींना हसू फुटलं.

"वाऱ्याचो अंदाज घेवा आधी! तीस वर्सां काय शिकलात थंय?"

त्या दिवशी नवा करार झाला. जोवर पाला काका काढतील तोवर झाड उभं राहील. एक दिवस जरी खळं झाडायचं राहिलं तरी मशीनवाला. काकांनी तो मान्य केला. जाताना मला फाटकापर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "मॅडम, फळ धरणे हा अर्थ शेवटी वाचला असतात तर चाललं नसतं?"

पुढची सहा वर्षं रोज सकाळी सातच्या सुमाराला माझ्या मोबाईलवर एक फोटो येत असे. झाडलेलं खळं. खाली एक ओळ. 'आजचो फेरो काढलो.' सुरुवातीला मला कंटाळा आला, नंतर त्याशिवाय चहा गोड लागेना. पावसाळ्यात फोटोत छत्री असे आणि छत्रीखाली काकींचा हात. म्हणजे काका झाडत असत आणि काकी त्यांच्यावर छत्री धरत असत. तापाने फणफणले तेव्हा ते कानटोपी घालून झाडत होते. काकी सांगत होत्या, राहू देत आजच्या दिवस, मी मशीनवाल्याला नाही बोलावत. ते म्हणाले, करार म्हणजे करार. एकदा फोटोखाली त्यांनी लिहिलं होतं, 'पालीफेरा आरोंदेन्सिस'. स्वतःला नाव ठेवलेलं मी तेवढं एकदाच पाहिलं.

झाड मात्र धरलं नाही. दोनदा थोडा मोहोर आला आणि करपला. काकींनी दोन्ही वेळा मला फोन करून आनंदाने सांगितलं. करपला त्याचा आनंद होता, की आला त्याचा, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

गेल्या माघात एका सकाळी फोटो आला नाही. आठ वाजले, नऊ वाजले. साडेनऊला त्यांच्या चुलतभावाचा फोन आला.

मी पोचले तेव्हा दुपार झाली होती. गोव्यात दिलेली त्यांची मुलगी येऊन पोचली होती. खळ्याचा अर्धा भाग झाडलेला होता आणि अर्ध्यावर पाला तसाच होता. मध्ये त्यांनी खराटा टेकून ठेवला असेल आणि दम खायला पायरीवर बसले असतील. तिथेच गेले. मी त्या अर्ध्या खळ्याकडे बघितलं आणि मला रडू कोसळलं. आत जाऊन काकींजवळ बसले.

आमच्याकडे माणूस गेला, की चितेच्या लाकडांसाठी गावातला आंबा तोडतात. त्यातही न धरणारं झाड आधी. त्यामुळे बाहेर कुणाला फारसा विचार करावा लागलाच नाही. मशीनवाला आलाच होता. चुलतभाऊ दारात येऊन हळू आवाजात म्हणाले, "वयनी, ह्योच आंबो घेतंव. फळ नाय, काय नाय. तुमका पण तां होयाच होता."

बाहेर मशीन सुरू झाल्याचा आवाज आला. त्याबरोबर काकी उठल्या. मी धरायला गेले तर माझा हात बाजूला करून बाहेर गेल्या आणि झाडाच्या आणि मशीनच्या मध्ये उभ्या राहिल्या.

"हात लावू नकात."

मशीन बंद झालं. चुलतभाऊ गोंधळले. "वयनी, तुमीच तर म्हणत होतात, तोडा म्हणान. अख्खो गाव आयकता तां."

"मी म्हणत होतंय," काकी म्हणाल्या. "तां आमचा दोघांचा भांडाण होता. तुमका कोणी सांगितल्यान मधे पडूक?"

शेवटी चुलतभावांच्याच कुंपणावरचा आंबा गेला. तो दर वर्षी धरत होता. काका असते तर यावर दोन दिवस हसले असते.

महिनाभराने मी काकींना भेटायला गेले. झाडावर मोहोर नव्हता. असता तर मी मुद्दाम सांगितलं असतं. फाटकाशी पोचले तर आतून काकींचं बोलणं ऐकू आलं. काकी कोंबड्यांशी बोलतात, गाईशी बोलतात, पण सगळ्यांना अरेतुरे करतात. हे 'तुमी' होतं. मला वाटलं, कुणी पाहुणे आलेले दिसतात. त्यांचं आवरू दे म्हणून मी बाहेरच थांबले आणि कुंपणावरून आत बघितलं.

खळ्यात दुसरं कुणी नव्हतं. काकींच्या हातात खराटा होता, पदर कमरेला खोचलेला होता आणि मान वर करून त्या झाडाला चांगल्याच खडसावत होत्या.

"काल सांजचो काढलंय तो काय कमी होतो? आज परत येवढो? तुमका काय, वरसून टाकलास की मोकळे. वाकूक माका लागता. आनी आता हसतास कित्याक?"